अब्बांचं पीठ लाहोरला

६ ऑक्टोबर १९७८, अटारी
कस्टमवाल्यानं पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. सापडणार काय? माढ्याच्या आमच्या ज्वारीचं पीठ. "उधर आटा नहीं मिलता क्या, बहनजी?" मिळतं की. हे नाही मिळत.

ह्यांना शाळेनं रजा दिली नाही. म्हणून दोन पोरं घेऊन मी एकटीच – सोलापूर, दिल्ली, अमृतसर. रुक्साना आठची, मकदूम पाचचा. एकदाही रडली नाहीत. मी रडले, व्हिसाच्या रांगेत. ते कुणाला सांगणार नाही.

७ ऑक्टोबर, लाहोर
भाटी दरवाजाच्या आत गल्ली, तिच्यात आणखी गल्ली, मग लालबी फुफूचं घर. अब्बांची एकुलती बहीण. पन्नास साली नवऱ्यामागं इकडं आली. अब्बांना ते पटलं नव्हतं. स्टेशनवर सोडायलासुद्धा गेले नाहीत. अठ्ठावीस वर्षं दोघांत एक ओळ नाही.

आता सत्तरी आली तेव्हा मला म्हणाले (शेताचं नि रागाचं ते मराठीतच बोलतात), "भाकरी करून घाल तिला. आपल्या वावरातली हाय म्हणून सांग. खाल्ली तर मिटलं. न्हाय खाल्ली तर तसं येऊन सांग." गिरणीत स्वतः उभं राहून दळून आणलं. मग व्हिसा महिनाभर लांबला.

फुफूनं पोरांना छातीशी धरलं. डब्याकडं बघून, "ये क्या उठा लाई? मुझे तो उसका मज़ा भी याद नहीं."

८ ऑक्टोबर
पोलीस ठाण्यात नोंद. "पेशा?" म्हटलं, लिहिते, मराठीत. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लिहिलं – घरेलू औरत. संपादकांनाही हे पटेल. माझ्या गोष्टीत कथानक सापडत नाही म्हणून परत पाठवतात.

१० ऑक्टोबर
फजिती. भाकरी थापली, कडेनं चिरली. उचलली, तीन तुकडे. दुसरी तव्यावर पोचलीच नाही. कॉलेजात ॲरिस्टॉटल वाचला, भाकरी राहिली.

फुफूची सून, आमची भाभी, दारात उभी. "हमारे यहाँ जवार भैंसें खाती हैं. और इतने नखरे भी नहीं करतीं." सगळं घर हसलं. मीही हसले, नाइलाजानं.

फुफू नाही हसली. लांबूनच म्हणाली, "आटा बासी है. विरी चली गई." आणि नमाजला उठली.

विरी! पिठाचा चिकटपणा. चव आठवत नाही म्हणणारीला हा शब्द बरा आठवला.

११ ऑक्टोबर
बादशाही मशीद बघितली. मकदूम पायऱ्यांवर उभा राहून मोठ्यांदा, "आमच्या विजापूरचा घुमट ह्याच्यापेक्षा लई मोठा हाय की!" लोक वळून बघायला लागले. मी गप्प करायला हवं होतं. केलं नाही. ऊर भरून आला होता.

१४ ऑक्टोबर
रुक्सानाची तक्रार : गच्चीवर तुपाच्या डब्यांत कसलं तरी उंच गवत आहे, शेंड्यांना फडकी बांधलीत. हात लावला तर फुफूनानी ओरडली. म्हटलं, दुसऱ्याच्या घरात कशाला हात लावायचा?

१९ ऑक्टोबर
आज माझ्या पोरीनं इज्जत राखली. आधण ठेवून त्यात पीठ भिजवलं. "बजामावशी जुन्या पिठाला असंच करते." बजाबाई म्हणजे आमची सोलापूरची शेजारीण. ही शाळेतून आली की तिच्याच चुलीपुढं. मी लिहीत बसते ना! आठ वर्षांचे हात, आणि भाकरी टम्म फुगली. भाभी बघतच राहिली.

फुफूसमोर ताट ठेवलं. तिनं रुक्सानाचं कपाळ चुंबलं. भाकरीला हात लावला नाही.

"जिसको खिलानी है, वो खुद क्यों नहीं आया?"



२३ ऑक्टोबर
उद्या निघायचं. सकाळी फुफू मला हात धरून गच्चीवर घेऊन गेली. ते डबे. फडकी सोडली तर आत कणसं. ज्वारीची! चिमण्यांपासून राखलेली.

"बी आपल्याच वावरातलं हाय, पोरी." तिच्या तोंडून पहिल्यांदा मराठी. येताना पदरात मूठभर बांधून आणलं होतं. दर साल पेरायचं, दर साल बी धरायचं. सुनेला सांगितलंय, दवा आहे.

ह्या सालचे दाणे खलबत्त्यात कुटून एकच भाकरी केली. तव्यावर वाळवून कडक केली, म्हणजे महिनाभर टिकते. आम्ही सोलापूरचे, आम्हाला हे नाही सुचलं. पीठ घेऊन निघालो.

"लालसाबला, तुझ्या अब्बाला दे. म्हणावं, आधी तू खा."

ह्याची गोष्ट करणार नाही. इथंच राहू दे.

२९ ऑक्टोबर, सोलापूर
अब्बांनी भाकरी दोन्ही बाजूंनी बघितली. मोडली नाही. फडक्यात परत बांधली.

म्हणाले, "पासपोर्टला किती दिस लागत्यात?"