शनिवारी आलेली पेटी

शनिवार, ८ नोव्हेंबर

गावोगावच्या डोळे-तपासणी केंद्रांत नव्या डिस्क पोचल्या. जुन्या मशीनवर जागाच नाही. पेशंटच्या डोळ्यांचे फोटो नव्या डिस्कवर हलवायचे, मग जुने पुसायचे. नगरला बसून मी एकदा कमांड दिली की सगळीकडे काम होतं. शेवटचा फोन केंद्र चालवणाऱ्या मंगलचा. शिंगणापूरच्या अलीकडचं केंद्र, तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत. "डिस्कची पेटी आली, मॅडम." बरं म्हटलं.

सोमवार, १०

सकाळी फोटो हलवायची कमांड, दुपारी पुसायची. प्रत्येक केंद्रापुढे हिरवी खूण. दर वेळी शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांची हजेरी आठवते. "प्रेझेंट, सिस्टर." त्या प्रत्येक नावाला मान वर करून चेहरा बघायच्या, कारण लिली नसली की मेबल तिचा आवाज काढायची. किती हसायचो.

मंगलकडे आजपासून कॅम्प. गर्दी आहे म्हणाली.

मंगळवार, ११

डॉक्टरांनी सोजरबाईंचा मागच्या वर्षीचा फोटो मागितला. मंगलच्या सासूबाई. एक डोळा लहानपणीच गेला, दुसऱ्यात आत काळा डाग. तेवढाच असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. वाढला असेल तर कॅन्सर धरून चालायचं, मग डोळा राहीलच असं नाही.

फोटो नाही. नवी डिस्कच दिसेना. मंगलला फोन केला. पेटी अंगणात, तुळशीपाशी. फोडलेलीसुद्धा नाही.

"शनवारी लोखंड घरात घेत न्हाईत, मॅडम. आत्यांनी भाईर ठेवायला लावली. मग कॅम्पात ऱ्हाऊन गेलं."

फोटो जड, गावचं नेट हलकं, म्हणून नगरला फक्त नावं येतात. फोटो हलले नाहीत, पुसले मात्र गेले. दुसरी प्रत कुठेच नाही. आणि हिरवी खूण एवढंच सांगते की कमांड पोचली. काम झालं असं ती म्हणत नाही. हे सगळ्या केंद्रांतल्या मुलींना मीच शिकवते.

मशीन बंद कर म्हटलं. पण दोन दिवसांच्या कॅम्पचे फोटो त्याच जागेवर...

गुरुवार, १३

मशीनमधली जुनी डिस्क काढून पुण्याला पाठवली, पुसलेलं परत काढून देणाऱ्याकडे. वरून नवे फोटो बसलेत, निघेल तेवढं काढतो म्हणाला.

सोजरबाई नवा फोटो काढायला नगरला आल्या. बोटांना रुईचा चीक. देवळापुढे विकायला माळा करतात. सगळं सांगितलं, पुसलं मी हेही. चीक पदराला पुसत म्हणाल्या,

"पेटी मीच भाईर ठिवली, बाई. तुमी कशाला रडता?"

मी रडत नाही असं मला वाटत होतं.

रविवार, १६

डॉक्टर म्हणतात, जुना फोटो नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा काढून ताडून बघायचं. वाढणारा असेल तर तीन महिने फार झाले. न थांबता उपचार केले आणि डाग साधाच निघाला, तर चांगली नजर हकनाक जायची.

शाळेत चॅपलच्या जिन्यात संत ल्युसीचं चित्र होतं. हातात ताटली, ताटलीत दोन डोळे. आम्ही मुली तिथून पळत जायचो. आज दिवसभर तेच डोळ्यांपुढे.

शनिवार, २२

पुण्याहून डिस्क आली. शनिवार. वाटलं, सोजरबाईंसाठी उद्यापर्यंत थांबावं. विचारायला फोन केला तर सोजरबाईंनीच घेतला. "आजच उघडा. आता कसला वार बघायचा?"

उघडली. नावं सगळी गेलेली. नुसते गोल, केशरी डोळे, पुष्कळसे करड्या पट्ट्यांनी खाल्लेले. शिरांच्या फाट्यांवरून त्यांचा ओळखला, नव्या फोटोशेजारी ठेवून. त्याच शिरा, तेच वळण.

वरचा अर्धा भाग स्वच्छ आला आहे. खाली करडं. डाग खाली आहे.

पुण्याला कळवलं. आणखी एकदा प्रयत्न करतो म्हणाला, खात्री देत नाही.

संध्याकाळी मंगलने फोनवर विचारलं, "घावला का, मॅडम?"

घावला म्हटलं. ती ओरडतच आत सासूला सांगायला धावली. पुढचं माझ्या तोंडातच राहिलं.