सिक्राचे दात, बोर्काची टाच

प्रिय एमेके,

दाराला आडवी फळी, बाभळीची. बिजागरी जराही कुरकुरत नाही. जुन्या खोगिराच्या कातड्याचे पिंडऱ्यांना बांधायचे पट्टे, दुहेरी शिवणीचे. गळ्यातली पितळी घंटा. मेंढीच्या कातड्याची, तीन पेडी वळलेली दोरी. ईस्टरनंतर हे सगळं मी सिक्रासाठी या दोन हातांनी केलं, आणि दोरी सोडली तर यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. आठवीत शाळा सुटलेला मी खोगीर शिवायला कुणाला न विचारता शिकलो, मग कुत्र्याच्या वीतभर पिल्लाची काय कथा, असं वाटलं होतं.

तो ईस्टर सोमवार तू पाहिलासच. रिवाजाप्रमाणे मुलींना भिजवायला पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात शिरली, मुली किंचाळत पळत सुटल्या. मेंढ्या वळणाऱ्या जातीच्या पिल्लाला याहून सोपा कळप कुठे मिळणार? सिक्राने सगळ्या पोरींना खुराड्यापाशी गोळा केलं आणि मागे रेंगाळलेल्या तुझ्या बोर्काची टाच धरली. पांढऱ्या मोज्यावर रक्त आलं. आकोश, आमचे जावईबापू, एवढंच म्हणाले, "बाबा, या घरात एक तर ही कुत्री राहील, नाहीतर माझी मुलगी येईल." रंगवलेली अंडी टोपलीत तशीच राहिली.

गाडी निघताना तू काच खाली केलीस. "बाबा, ती दुष्ट नाही हो, पेंगुळलीये. सकाळपासून तिला कुणी झोपू दिलंय का? आणि ती धरते तेव्हा तुम्ही नाचता. नाचू नका." मी म्हणालो, "मला शिकवतेस?"

पट्टे बांधले तर तिला पायापेक्षा कातडंच जास्त आवडलं. ओरडलो, तर तिला आणखी चेव आला. घंटेच्या तालावर ती दुप्पट धावायची. शेवटी एका संध्याकाळी मी दमून, हात काखेत घालून, खांबासारखा उभा राहिलो. तिने पाय सोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिची मेंढी उभ्या उभ्या मेली! मला तुझं बोलणं आठवलं आणि मी एकटाच हसत सुटलो. तेव्हापासून तेच करतो. धरलं की थांबायचं, बोलायचं नाही. सोडलं की दोरी जमिनीवरून सरपटवायची, हवी तेवढी चाव. आणि अंगात यायच्या आधीच कामाच्या बाकाखालच्या तिच्या खोक्यात, वर गोणपाट टाकून, झोप. लहानपणी तुला आई अशीच निजवायची. तूही चावायचीस, विसरू नकोस.

परवा रविवारी तुम्ही आलात. बोर्का लाल बूट घालून धावत सुटली, सिक्रा मान खाली घालून मागे. आकोश ओरडणार तोच बोर्का थबकली, हात काखेत, आल्या आल्या मी शिकवलं होतं तसे. "आजोबा, मी झाड आहे! झाडाला कुणी चावतं का?" सिक्रा घसरत थांबली, बसली आणि दोरीसाठी माझ्याकडे बघू लागली. आकोशने ताटलीतली खारी, पावासारखी पोगाचा आणखी एक मागून घेतली. त्याच्यासारख्या माणसाने यापेक्षा जास्त काय बोलावं?

फाटकापाशी मला बोलायचं होतं, जमलं नाही, म्हणून लिहितोय. आई गेल्यावर तू हे पिल्लू टोपलीत घालून आणलंस, तेव्हा मी "ही ब्याद कशाला" म्हणालो होतो. ती आल्यापासून या घरात कुणीतरी माझ्या मागे मागे येतं, पोरी. तुझे उपकार आहेत. आणखी एक, तुला ठाऊक नसलेलं. ईस्टरच्या त्या संध्याकाळी मी कालव्यापलीकडच्या मेंढपाळ गेर्गोला फोन केला होता, सिक्राला फुकट घेऊन जा म्हणून. तो म्हणाला, जरा वाढू दे. काल तो आला आणि मी खांबासारखा उभा राहताच भर धावेत थांबणारी सिक्रा पाहून त्याने खिशात हात घातला. "आता फुकट नको, गड्या. माझ्याकडे तीनशे मेंढ्या आहेत, तुझ्याकडे एक म्हातारा." मी त्याला कॉफी पाजली आणि नाही म्हणून परत पाठवलं. चार लाख फोरिंट देत होता.

तुझाच, पायाशी झोपलेल्या सिक्रासह,
बाबा