चर्चमागची खोली

२१ ऑगस्ट १९८४, मंगळवार

शाळा. पाचवीच्या वह्या तपासून झाल्या. गोटीराम भाऊजी ओझरहून कंपनीच्या बसने आले, पण उतरल्यावर सरळ घरी आले नाहीत. दिवेलागण उलटल्यावर आले ते चपला हातात घेऊन — आईला चाहूल लागू नये म्हणून. आत्याबाई समोरच बसल्या होत्या.

हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं. शेवटी पोट फुगलं होतं, डोळे पिवळे. तोच पिवळेपणा आज त्यांच्या भावाच्या डोळ्यांत दिसला. की मला सगळीकडेच दिसतो?

२२ ऑगस्ट, बुधवार

मधल्या सुट्टीत साळवेबाई जवळ येऊन हळूच बोलल्या. शरणपूर रोडला त्यांच्या चर्चमागच्या खोलीत दारू सोडलेली माणसं दर बुधवारी संध्याकाळी बसतात. औषध नाही, प्रवचन नाही. आपापलं सांगतात, एकमेकांचं ऐकतात. आमच्या घरचं त्यांना कसं कळलं, विचारलं नाही. कळतंच.

संध्याकाळी गेले. खोली सापडेना. रस्त्यावर विचारायची लाज — विचारणार तरी काय! शेवटी एका दाराशी पुरुषांच्या चपलांची रांग दिसली आणि चहाची किटली. बहिरू नावाचे एक गृहस्थ बाहेर आले. भाजीबाजारात हमाली करतात.

"पिणारं कोण, ताई?"

"गेले," मी म्हणाले.

"मग आता कोणासाठी आलात?"

दिराचं सांगितलं. ते म्हणाले, ओढून आणू नका. जागा दाखवा, पाय त्याचे त्याने उचलायचे. आणि घरात काही असेल तर काढून टाका. मी नुसती मान हलवली.

ही खोली ह्यांच्या वेळीही इथेच होती का, ते विचारायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

२३ ऑगस्ट

भाऊजींना सांगितलं. हसले. "सगळे बेवडे एकाच खोलीत? मग पोलीस कसे येत नाहीत, वहिनी?"

२९ ऑगस्ट, बुधवार

भाऊजी गेले नाहीत.

५ सप्टेंबर, बुधवार

शिक्षकदिन. पोरींनी गुलाब दिले. भाऊजींना म्हटलं, मला शरणपूर रोडला जायचंय, एकटीला नको वाटतं, सोबत या. कुठे ते त्यांना कळलं असणारच. सायकल हाताने ढकलत शेजारून चालले. मी फाटकाशीच थांबले. सायकल लावून येतो म्हणाले, आणि आलेच नाहीत. मग खिडकीतून त्यांचा आवाज आला. नाव सांगत होते. नावाच्या पुढे काही येईना. आत कोणी घाई केली नाही.

परतताना एवढंच म्हणाले, "चहा बरा होता."

९ सप्टेंबर, रविवार

विसर्जन. मित्र मिरवणुकीला बोलवायला आले. भाऊजींनी आतूनच सांगितलं, पाय मुरगळलाय. पाय ठणठणीत आहे!

१४ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या पंचमी, ह्यांचं पित्तर. आमच्यात पानावर गेलेल्या माणसाची आवड ठेवतात. गावी, सायखेड्याला, थोरल्या सासऱ्यांच्या पानाशेजारी विडी असते. आत्याबाईंनी भाऊजींना समोर बसवून क्वार्टर आणायला सांगितली. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून मागवू. ऐकेनात. भावानेच आणायची असते म्हणे.

"माझ्या लेकाचा लय जीव व्हता तिच्यावर. तिच्याबिगर पान नाय शिवायचा तो."

भाऊजी मान खाली घालून हो म्हणाले. आईच्या मनाला तरी मी काय बोलणार?

१५ सप्टेंबर, शनिवार

रजा घेतली. भाऊजी सकाळीच सायकल घेऊन गेले. वडे झाले, खीर झाली, पान वाढून झालं. ते येईनात. दुकान तर कोपऱ्यावर आहे. आत्याबाई दारात बसून. मी मनातून आशा सोडली.

दुपार कलताना आले. शर्ट घामाने चिंब. मी जवळ जाऊन वास घेतला. त्यांना ते कळलं. रागावले नाहीत. पिशवीतून कागदाची पुडी काढली. गोडीशेव — सायखेड्याला जाऊन आणलेली.

"ही कशाला?" आत्याबाई म्हणाल्या.

"आई, शाळा सुटली की दादा मला हीच घेऊन द्यायचा. निम्मी स्वतःच खायचा. दारू नाही आवडायची त्याला. आवडत असती तर रडत रडत प्याला नसता."

आत्याबाईंनी पुडी मांडीवर घेऊन उघडली. मग उठल्या, स्वतःच्या हाताने पानावर वाढली.

"निम्मीच ठेवते," म्हणाल्या. "ऱ्हायलेली तुझी."

कावळा आला की नाही, मी पाहिलं नाही. मी भाऊजींना खाताना पाहत होते.

१६ सप्टेंबर, रविवार

दोघे सायखेड्याला गेले आहेत. ट्रंकेतून, साड्यांच्या तळातून, ह्यांची बाटली काढली. अर्धी उरलेली. आत्याबाईंनी मागितली तेव्हाही घरातच होती. ह्यांच्या कपड्यांचा वास केव्हाच गेला. हिचं बूच काढलं की मात्र हे दारात येऊन उभे राहिल्यासारखं वाटायचं.

मोरीत ओतली. वास जाईपर्यंत पाणी सोडलं. मग सकाळची भांडी घासायला घेतली.