पाचवी घागर

मेहरूण, जळगाव
११ मे १९८९

सौ. पुष्पा हिस,

इंदिरेचा आशीर्वाद. आखाजीला भरलेली लीलाधरची घागर याही वर्षी आटली नाही, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. नावाआधी ‘सौ.’ चुकून पडलेलं नाही. दोन वर्षं मी तुला ‘गं. भा.’ लिहीत आले आणि तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस.

इकडे ठीक. माझे गुडघे धरतात. ऊन फार.

तू भडगावला माहेरी गेल्यावर आळीने एक प्रघात पाडला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर घरात भरतात, तशा सैनिकांच्या स्मारकावर पाच नावांपुढे पाच घागरी भरायच्या आणि तीन दिवस हलवायच्या नाहीत. चार घागरी निम्म्यावर येतात. मातीची घागर पाझरते, उन्हाने पाणी उडतं, यात नवल नाही. पाचवी काठोकाठ राहते. पहिल्या वर्षी म्हटलं, जास्त भाजली गेली असेल. गेल्या वर्षी घागर बदलली. तीही तशीच राहिली. यंदा बेबाबाईच्या मुलाच्या नावापुढची, गेल्या साली निम्मी झालेली घागर मी स्वतः लीलाधरच्या नावापुढे ठेवली. आज सकाळी हात फिरवला. भरलेली, आणि बाहेरून कोरडी ठणठणीत.

बेबाबाई शेजारी उभी होती. तिच्या मुलाची निदान अस्थींची पेटी घरी आली होती. आपल्याकडे एकाहत्तरच्या लढाईत लीलाधर ‘बेपत्ता’ एवढीच तार.

“इतली शिकनी तू, इंदू, तरी तुले समजनं नही,” ती म्हणाली. “मना पोऱ्या पानी पी गया. तुना भाऊले आठली तीस नही शे.”

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्याला इथली तहानच नाही, असं ती म्हणाली, तेव्हा मी पुन्हा घागरीत बोट बुडवून पाहिलं.

स्मारकाच्या समितीच्या यादीत चारच नावं होती, पुष्पा. पाचवं मी घालायला लावलं. फाटकाची कडी वाजली की पंधरा वर्षं मी उठत होते, ते थांबावं म्हणून. हे कोणालाच सांगितलं नाही. आणि उद्घाटनाच्या दिवशी चारचौघींसमोर तुला म्हणाले, “दगडावर नाव आणि गळ्यात पोत, दोन्ही चालणार नाही.” तू मंगळपोत काढून माझ्या हातावर ठेवलीस.

नाव काढायला कौतिक पाथरवट उद्या येतो. खोडलं तरी दगडात खळगा राहील म्हणतो. राहू दे.

आज भर दुपारी कडी वाजली. मी उठले. बाहेर कोणी नव्हतं, कडी मात्र हलत होती.

तुझी नणंद,
इंदिरा

शेजारच्या उखर्डूच्या हाती दिलं: मंगळपोत एक, तू काढलीस तशीच, रुमालात. घागर एक, तोंडाला फडकं बांधून. दिली तेव्हा काठोकाठ.