तळव्याखालचा आरसा

४ मार्च

उजवा घोटा जोडला. आत एक पट्टी, सात स्क्रू. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आज मलाच शिवलं! टाके बारा. टीप जरा वाकडी गेलीय, पण डॉक्टरीणबाई काही शिंपी नाहीत, सोडून दिलं.

७ मार्च

शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर, त्याचाही घोटाच, दिवसभर विव्हळतो. मला काही नाही! तसं डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात. दुखत नाही, हीच तर अडचण आहे." इतरांना सहा आठवडे, मला तीन महिने पाय टेकायला बंदी.

१५ मार्च

घरी. तपासणी हिनं हाती घेतली. बायको निवृत्त मुख्याध्यापिका असली की आजारपणातही परीक्षा चुकत नाही! सकाळी आठला तळव्याखाली आरसा, मग जखम, मग बोटांच्या बेचक्या. आज दहापैकी सात. तीन कशाचे कापले? म्हणे, नखांचे.

तुझीही साखर बघून घे म्हटलं. "माझी साखर डब्यात आहे," म्हणाली, आणि माझ्या कापडांच्या पसाऱ्यातून अनवाणी निघून गेली.

३ एप्रिल

टाके परवाच निघाले. ही बाजारात गेली तशी मशीनवर बसलो. फक्त एक बाही! पायडल उजव्या पायाचंच, त्याला मी काय करू? अजिबात दुखलं नाही. म्हणजे बरा झालाय.

६ एप्रिल

आज कॉलरसुद्धा.

९ एप्रिल

दोन मार्क. जखमेतून पाणी, भोवती लाल. पाय टेकवला नाही म्हणालो. "मग ही बाही काय भुतानं शिवली?" शाळेत हिच्यापुढे खोटं बोलणाऱ्या पोरांची आज दया आली.

१० एप्रिल

एक स्क्रू सैल, जखमेत पू. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही — जंतू हाडात शिरले तर पाऊल कापावं लागेल. विनोद करायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. फार घाबरलोय. हिनं घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

२८ एप्रिल

जखम धुऊन पुन्हा शिवली. पू थांबला. पाच मार्क. मशीनचा पट्टा हिनं कपाटात कुलूपबंद केलाय!

१९ मे

नऊ! हाड शाबूत, पाऊल राहिलं. दहावा मार्क कधी, विचारलं. अक्कल आल्यावर, म्हणाली.

२० मे

तपासणी झाली. आरसा जमिनीवरच होता, ही तो ओलांडून पलीकडे गेली. आरशात हिची टाच दिसली. तिच्यात माझी टाचणी, पार डोक्यापर्यंत रुतलेली.

"दुखत नाही का गं?"

"काय?" ही म्हणाली.