रिकामी गाडी घरी आणायची नाही

बाबा, मी गाडी विकली. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं माझ्या दारात एक पांढरी गाडी उभी होती. ती तुम्ही पाहिलीच नाही, आणि आता ती गेलीसुद्धा. तिच्या जागी सायकल आली आहे. हसू नका, बॅटरीवर चालणारी सायकल आहे. पेडल मारायचं, आणि चढ आला की मागून कोणीतरी हात लावल्यासारखी ती पुढे जाते. तुम्ही असतात तर आधी चपलेच्या टोकाने टायर दाबून पाहिला असतात, मग वाकून इंजिन शोधलं असतंत, आणि ते कुठेच सापडत नाही म्हटल्यावर "ह्यां काय खेळणां हाडलंस गो?" म्हणाला असतात.

खेळणं नाही हो. रोज सकाळी सव्वाआठला मी हिच्यावरून मालवणला जाते, चौदा किलोमीटर, आणि तेवढीच संध्याकाळी परत येते. तिथे रुग्णालयात रक्त तपासायच्या खोलीत मी नोकरी करते, हेही तुम्हाला ठाऊक नाही. रात्रभर बॅटरी स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी चार्ज होत असते. पावसाळ्यात रेनकोट घालून, चपला पिशवीत टाकून जाते. वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर, वारा समोरून आला की जरा दम निघतो, पण गेल्या दीड वर्षात मी एकदाही उशिरा पोचले नव्हते. पहिल्या आठवड्यात आमचा शिपाई विचारायचा, "मॅडम, गाडी गॅरेजात?" दुसऱ्या आठवड्यात, "अजून झाली नाय?" तिसऱ्या आठवड्यात त्यानेच हळूच विचारलं, एकदा चार्ज केली की किती जाते. माझे गुडघे कुरकुरायचे थांबले आहेत. चढण उतरताना मी गुणगुणते, आणि कोणी समोरून आलं तरी थांबत नाही. तर असं सगळं झकास चाललं आहे. पण हे सगळं ऐकून घेऊन तुम्ही एकच प्रश्न विचारला असतात, तो मला माहीत आहे. "आणि मागे कोण बसतलो?"

तुमची अँबेसिडर टॅक्सी कधी रिकामी घरी आली नाही. कणकवली स्टेशनला गिऱ्हाईक सोडलंत की परतीच्या वाटेवर जो चालताना दिसेल तो तुमचा. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, आणि त्याने ओशाळायचंही नाही. "रिकामी गाडी घराक हाडूची नाय," एवढंच तुम्ही म्हणायचात, जसं कोणी सांगावं की ओल्या हाताने बटण दाबू नये. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसता, आई बशीत चहा ओतून पुढे सरकवते आणि विचारते, आज कोण कोण. मग तुम्ही मोजून सांगता: एक मास्तर, एक पोटुशी पोर आणि तिची सासू, एकजण कोंबड्यासकट. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात चहाबरोबर हे असतं.

मला गाडी शिकवलीत ती सड्यावर, कातळात, जिथे आपटायला काही नव्हतं. मी बुटकी, बॉनेटच्या पलीकडचं मला दिसेना. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईकडून सावरीच्या कापसाची एक जाड उशी शिवून आणलीत आणि माझ्याखाली सरकवलीत. "रस्तो दिसाक व्हयो," म्हणालात, आणि जरा थांबून, "रस्त्यावरची माणसां पण." वाढदिवसाला वगैरे तुम्ही मला कधी काही दिलं नाहीत. तुमच्याकडून मिळालेली वस्तू म्हणाल तर ती उशी.

लायसन मिळालं त्याच महिन्यात तुम्हाला ताप भरला आणि स्टेशनचं एक गिऱ्हाईक तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी त्यांना व्यवस्थित सोडलं. परत येताना आपल्या चढणीच्या पायथ्याशी एक म्हातारी मासळीची टोपली घेऊन उभी होती. टोपली रिकामी, पण पाणी गळत होतं. तिने हात केला. आदल्याच दिवशी आपण सीटना नवीन कव्हरं घातली होती. मी गाडी बाजूने काढून घेतली. घरी पोचले तर तुम्ही कांबळं गुंडाळून पडवीत बसलेले. उठलात, मागचं दार उघडलंत आणि सीटवरून हात फिरवलात.

"कोणाक सोडलंस?"

"कोणाक नाय. वाटेत कोण नव्हतां."

"आज बाजार. आणि वाटेत एक माणूस नव्हतो?"

मी किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले.

"गाडी वळय."

तशा तापात तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. म्हातारी अर्धी चढण चढून एका दगडावर टेकली होती. तुम्ही उतरून तिला पुढच्या सीटवर बसवलंत आणि स्वतः मागे टोपली मांडीवर घेऊन बसलात. तिच्या घरापर्यंत तिच्याशी बोलत होतात, माझ्याशी नाही. परत आल्यावर मी कव्हरांचं काहीतरी पुटपुटले, तर म्हणालात, "कव्हरां धुवूक येतत." मी खोटं बोलले त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. ते तुमच्या लक्षात आलं नाही, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

आता माझ्या गाडीचं सांगते. पहिली दोन वर्षं मीही थांबत होते. मग एकाची छत्री गळली, एक पोर ओकलं, एक बाई घरापर्यंत सोड म्हणाली. मला घाई असायची, फोन वाजत असायचा, एसी लावला की काच वर. थांबणं कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. पण पुढची सात वर्षं मी एकटी बाई चार रिकाम्या सीट घेऊन मालवणला जात होते आणि त्याच चार रिकाम्या सीट घरी आणत होते. तुम्ही गेलात तेव्हा आचऱ्यापासून माणसं आली होती, आणि अंगणात उभं राहून एकमेकांना विचारत होती की आता आमका कोण नेतलो. मी गाडी विकली तेव्हा वाडीत एका माणसानेही विचारलं नाही की का विकलीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सायकलवर ही भानगडच नाही, असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मी तुमच्यापुढे छाती काढून मांडणार होते. सीट एक, आणि ती भरलेली. शिवाय मागे मी एक प्लास्टिकचा क्रेट बांधला आहे, तो कधी रिकामा येत नाही. काच नसली की माणसं हाक मारतात, हे मला नव्यानेच कळलं. कोणाचा रक्ताचा रिपोर्ट, कोणाच्या गोळ्या, शेजारच्या काकाचा दुरुस्तीला दिलेला चष्मा. जाताना अळूची पानं, येताना दुधीचं बी. तुमचा नियम मी पाळते आहे, फक्त माणसांऐवजी त्यांच्या वस्तू बसतात, असं मी लिहिणार होते, आणि पत्र तिथेच संपणार होतं.

पण गेल्या बाजाराच्या दिवशी सकाळी त्याच चढणीच्या पायथ्याशी एक बाई उभी होती. साठी उलटलेली, डोक्यावर लाल भाजीच्या जुड्यांची टोपली. मी थांबले. सायकलवर तिला कुठे बसवणार? टोपली क्रेटवर ठेवली, वरून दोरी आवळली आणि उतरले. या सायकलला एक बटण आहे, ते दाबून धरलं की ती चालत्या माणसाच्या वेगाने आपोआप पुढे सरकते. ते मी आजवर वापरलंच नव्हतं. ओझं बॅटरी ओढत होती आणि आम्ही दोघी मोकळ्या हातांनी चालत होतो.

"तू त्या टॅक्सीवाल्याचा चेडू मा गो?" तिने विचारलं. "तुझ्या बापाशीच्या गाडयेत मी बाळंतपणाक गेललंय."

मला केवढा आनंद झाला! मी तुमच्याबद्दल बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि ती पांढरी गाडी तुझीच मा? आधी आधी हात करी होतंय. मगे सोडलंय. म्हटलां, बायेक घाई आसतली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती माझ्या वतीने बोलत होती.

"काकी, माका खरांच दिसाक नाय," मी म्हणाले. "काच काळी होती."

"तांच म्हणतंय मी," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वर सड्यावर तिला रिक्षा मिळाली. मी अर्धा तास उशिरा पोचले आणि दिवसभर दोन-दोनदा नळ्या मोजत बसले. नंतर कितीदा स्वतःला समजावलं की एवढं काय, जाऊ दे, आता थांबतेस ना. थांबते, हे खरं आहे, आणि सायकल घेऊन मी चूक केली असंही मला मुळीच वाटत नाही. उलट कधी नव्हे ते एक काम बरोबर केलं.

पण काच काळी नव्हती, बाबा. साधी होती, पुसून लख्ख केलेली. आणि त्या गाडीतही मी तुमचीच उशी घेऊन बसत होते. गाडी विकताना तेवढी काढून ठेवली, आत्ता खुर्चीवर तीच खाली घेऊन लिहिते आहे. तिच्यावर बसलं की सगळा रस्ता दिसतो.

हे पत्र घडी करून तिच्याच अभ्र्यात सरकवून ठेवेन. उद्या बाजार आहे, ती भाजीवाली काकी भेटेल. टोपली बांधून झाली की तिला सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं. त्या दिवशी वाटेत म्हातारी होती. नंतरच्या त्या सगळ्या वर्षांत ही होती, हात वर केलेली, आणि मग हात खाली घेतलेली. मला दिसत होती.