डी ड्राइव्हमधली भाषणं

प्रिय ज्ञानदा,

घरच्या कॉम्प्युटरला आज दुसरी हार्ड डिस्क बसवली. जुनी काही दिवसांपासून कटकट वाजत होती. फाइल उघडताना यंत्र थबकायचं. तू कॅसेटींवरून उतरवून दिलेली माझी सगळी भाषणं त्या एकाच डिस्कवर. वैरागच्या वाचनालयातलं, केम स्टेशनाजवळचं, ज्यात मधेच आगगाडीची शिट्टी येते ते, आणि गिरणी बंद झाली तेव्हा फाटकासमोर केलेलं. ती गिरणी पाडली, माग भंगारात गेले. तिथल्या माणसांच्या घोषणा तेवढ्या या फाइलींत उरल्या आहेत. आपल्या समाजाला काही जपून ठेवायची शिस्त नाही, असं मी गावोगाव गरजून सांगितलं, आणि घरात प्रत मात्र एकच!

डिस्क इथल्याच नव्या पेठेतून आणली. दुकानदार शिवानंद मूळचा मैंदर्गीचा. मशीन घेऊन या, बसवून देतो की, म्हणाला. पण रिक्षात एखादा गचका बसला आणि जुनी डिस्क तिथेच गेली तर? त्याच्याकडून नीट समजून घेतलं आणि घरीच कॅबिनेट उघडलं. तुझ्या आईने नव्या डिस्कला हळदकुंकू लावलं. एरवी यावर मी तिला चांगलं व्याख्यान ऐकवलं असतं. आज गप्प राहिलो. मी बोलेन म्हणून ती थोडी थांबली, मग करंडा उचलून आत गेली.

वायरी जोडून मशीन सुरू केलं. पडद्यावर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसले. सी जुनी, म्हणजे डी नवी, असा माझा ठाम समज. माझे समज ठामच असतात, हे तुला सांगायला नको. नवी डिस्क आधी फॉरमॅट करायची, असं शिवानंदने सांगितलंच होतं. मी डीवर गेलो. सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. कोऱ्या डिस्कवर पुसायला आहे काय, म्हणून मी बटण दाबणार, तेवढ्यात आईने मागून मनगट धरलं. बँकेत नोकरी केलेली बाई, आकडा दिसला की वाचणारच.

"अहो, नवा डबा आणि अर्धा भरलेला कसा?"

डी हा जुन्याच डिस्कचा दुसरा भाग होता. भाषणं त्यातच होती. मी माउस सोडून खुर्ची मागे सरकवली. आईनेच शिवानंदला फोन लावला. तो तिकडून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, डीला हात लावू नका, कोरी डिस्क आपण ओळख करून दिल्याशिवाय तिथे दिसतच नाही. मग तो सांगत गेला, ती मला सांगत गेली आणि मी करत गेलो. आता कॉपी चालू आहे. हिरवी पट्टी मधेच अडते, जुनी डिस्क कटकटते आणि पट्टी पुन्हा सरकते.

पट्टीवरून फाइलींची नावं सरकत आहेत. सभा, मोर्चा, पुन्हा सभा. तुला जेवायला बोलावणारा मी त्यात कुठेच नाही. माईकसमोर नसलेला माझा आवाज कुणी धरून ठेवला नाही. मलाही तो ठेवावासा वाटला नाही.

फोन केला असता, तर पहिल्याच शब्दाला तू ओळखलं असतंस. माझा आवाज बसलाय तो सर्दीने नाही. घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. आयुष्यभर हजारोंसमोर उभा राहिलो, कधी भ्यालो नाही. आता भीती वाटते. शेजारचा कल्लप्पा उद्या तुमच्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. मिळताच निघ. माझ्या नातीला, श्रावणीला आण, मला तिला नावाने हाक मारायची आहे. आणि माझ्याशी भांडायचं काही राहिलं असेल तर येऊन भांडून घे, पोरी. पुढे तुला एकटीलाच बोलावं लागेल.

अजून बोलता येणारा,
तुझाच
आण्णा